परसातील औषधी वनस्पती : ओळख, लागवड व घरगुती उपाय शिकविण्याची पद्धत

महाराष्ट्रातील खेड्यांत घरगुती औषधांचा वापर पूर्वापार चालत आलेला आहे. खोकल्यावर अडुळसा, सर्दीवर तुळस आणि गवती चहा, भाजल्यास कोरफड व घसा धरल्यास हळद हे उपाय बहुतेक घरांतून माहीत असतात. पूर्वी या माहितीबरोबर आणखी दोन गोष्टी पुढच्या पिढीकडे जात असत. पहिली म्हणजे झाडाची खरी ओळख व दुसरी म्हणजे उपायाची मर्यादा. घरातील वडीलधारी स्त्री सुनेला बांधावर नेऊन झाड दाखवीत असे, पान चुरगळून वास देत असे आणि उपाय कोठवर करावा, वैद्याकडे केव्हा न्यावे, हेही सांगत असे. आता झाडाचे नाव व कृती भ्रमणध्वनीवरून क्षणात घरी पोहोचते. परंतु झाडाची ओळख व उपायाची मर्यादा त्याबरोबर येतातच असे नाही. अर्धवट माहितीने केलेला काढा कधी निरुपयोगी ठरतो, तर कधी अपायकारक.

सबब गावात हे शिक्षण द्यावयाचे असेल तर वनस्पती थोड्या घ्याव्यात व त्या पूर्णपणे शिकवाव्यात. पन्नास झाडांची नावे पाठ करून घेण्यापेक्षा पाच झाडे ओळखता, लावता, वाळविता व योग्य प्रमाणात वापरता येणे हे अधिक हिताचे आहे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांस असा वर्ग कसा चालविता येईल, याचे विवेचन पुढे केले आहे.

वनस्पतींची निवड

निवड करताना तीन कसोट्या लावाव्यात. वनस्पती त्या गावाच्या हवेत व जमिनीत सहज वाढणारी असावी. तिचा घरगुती उपयोग साध्या, आपोआप बऱ्या होणाऱ्या तक्रारींपुरता असावा. प्रमाणात थोडी चूक झाली तरी जिवावर बेतणार नाही अशी ती असावी. या कसोट्यांस उतरणाऱ्या पाच वनस्पती म्हणजे अडुळसा, तुळस, गवती चहा, कोरफड व हळद होत. सर्पगंधेसारखी वनस्पती कितीही गुणकारी असली तरी तिची क्रिया रक्तदाबावर होत असल्यामुळे ती घरगुती वापरास अयोग्य ठरते. वेखंड, जायफळ इत्यादी उगाळून तान्ह्या बाळास देण्याची चाल अनेक घरांत आहे. तिचा या वर्गात समावेश करू नये. पहिले सहा महिने बाळास आईच्या दुधाखेरीज काहीही चाटवू नये, हे उलट आवर्जून सांगावे.

पहिला पाठ : ओळख

पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाल्यावर पहिला पाठ घ्यावा. वर्गात बारा ते पंधरा व्यक्ती असाव्यात. त्यांत गावातील जाणत्या वृद्ध स्त्रिया व वैदू यांना अगत्याने बोलवावे. कारण शिवारातील कोणते झाड कोठे आहे याची माहिती त्यांना असते. आशा स्वयंसेविका व प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी यांनाही आरंभापासून सहभागी करून घ्यावे. लागवडीची बाजू कृषी कार्यकर्त्याने सांभाळावी व औषधाची बाजू वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगावी, ही विभागणी योग्य होय.

प्रथम शिवारफेरी काढावी. प्रत्येक झाडापाशी थांबून पान, खोड, फूल व वास या चारही खुणा पाहाव्यात. एका खुणेवर विसंबू नये. अडुळशाची पाने समोरासमोर येतात, लांबट असून दोन्ही टोकांस निमुळती होतात व चवीस कडू असतात. फुले पांढरी असून त्यांवर जांभळट रेघा दिसतात. तुळशीच्या बाबतीत रस्त्याच्या कडेला तणासारखी वाढणारी रानतुळस फसविते. तिचेही खोड चौकोनी असते व पानांस उग्र वास येतो. म्हणून अंगणातील वृंदावनाची तुळस शेजारी ठेवून दोन्हींची तुलना करून दाखवावी.

नावावर विसंबणेही धोक्याचे असते. ब्राह्मी हे एकच नाव आपल्याकडे दोन अगदी भिन्न वनस्पतींना लावले जाते. एकीची पाने वाटोळी, बेडकाच्या पावलासारखी असतात, तर दुसरीची लहान, जाड व लांबट असतात. हे उदाहरण दिल्यास नाव व झाड यांतील फरक शिकणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येतो.

ओळखीच्या चुकीचे गांभीर्य पटविण्यासाठी गुळवेलीचे उदाहरण घ्यावे. कोरोनाच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघर घेतला गेला. २०२१ साली मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृतास इजा झाल्याचे वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यावर, गुळवेलीऐवजी तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असण्याची शक्यता आयुष मंत्रालयाने पुढे मांडली. कारण कोणतेही असो, दोन धडे त्यातून मिळतात. खऱ्या गुळवेलीच्या जून खोडावरील साल कागदासारखी सुटते व खाली हिरवा भाग दिसतो. फसव्या वेलीच्या खोडावर मात्र चामखिळीसारखे पुष्कळ उंचवटे असतात. हा फरक हातात खोड घेऊनच शिकावा लागतो. दुसरे असे की, परिचित वनस्पतीसुद्धा महिनोन्‌महिने रोज घेण्याची वस्तू नव्हे. याच कारणास्तव गुळवेल ओळखीच्या पाठात ठेवावी. वापराच्या यादीत ठेवू नये.

शिवारफेरीनंतर दहा फांद्यांची परीक्षा घ्यावी. निवडलेल्या पाच वनस्पतींच्या पाच व इतर पाच फांद्या आणाव्यात. इतर पाचांत रानतुळस, घाणेरी, धोत्रा, कण्हेर व पिवळी कण्हेर असावी. प्रत्येक फांदीस क्रमांक लावून त्या घोंगडीवर मांडाव्यात व प्रत्येकाने एकट्याने येऊन नाव सांगावे. पैकी शेवटच्या तीन विषारी असल्याने त्या हाताळल्यावर सर्वांनी साबणाने हात धुवावेत व फांद्या खोल खड्ड्यात पुराव्यात. ज्याची एकही चूक होईल त्याने पुढील आठवड्यात पुन्हा परीक्षा द्यावी; तोवर त्याच्याकडून काढा करून घेऊ नये. हा नियम कडक वाटला तरी तो शिथिल करू नये.

दुसरा पाठ : लागवड

रानातून पाने ओरबाडून आणण्याऐवजी परसात लागवड करण्याचे दोन लाभ आहेत. झाड स्वतः लावलेले असल्याने त्याच्या ओळखीबद्दल शंका उरत नाही, आणि त्यावर काय फवारले गेले आहे हेही ठाऊक असते. कापूस, द्राक्षे किंवा भाजीपाला यांच्या बांधावरील पानांवर कीटकनाशकाचा अंश असू शकतो. अशी पाने औषधास कदापि घेऊ नयेत. तसेच वाहत्या रस्त्याच्या कडेची व सांडपाण्याच्या नाल्याजवळची पानेही टाळावीत.

एका घरास पाव गुंठा, म्हणजे सुमारे पाच मीटर लांब व पाच मीटर रुंद जागा पुरेशी होते. मांडणी येणेप्रमाणे करावी.

अडुळसा : जनावरे सहसा याला तोंड लावीत नाहीत, म्हणून तो कुंपणाच्या कडेने लावावा. पेन्सिलीएवढ्या जाडीचे, तीन-चार डोळ्यांचे, १५ ते २० सेंटिमीटर लांबीचे फाटे पावसाळ्याच्या आरंभी लावावेत. दोन फाट्यांत ६० सेंटिमीटर अंतर ठेवावे. पाने दुसऱ्या वर्षापासून तोडावीत व एका वेळी झुडपाची एक तृतीयांशाहून अधिक पाने काढू नयेत.

तुळस : बी अत्यंत बारीक असल्यामुळे ते बारीक वाळूत मिसळून गादीवाफ्यावर वरच्यावर टाकावे व झारीने पाणी द्यावे. रोपे चार-सहा पानांवर आल्यावर ४० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. मंजिऱ्या वेळोवेळी खुडल्यास पाला अधिक मिळतो.

गवती चहा : जुन्या ठोंबाचे फुटवे वेगळे करून, वरची पाने कापून लावावेत. बांधावर किंवा उतारावर लावल्यास माती धरून ठेवण्याचे कामही होते.

कोरफड : मुरमाड, पाण्याचा निचरा होणाऱ्या जागी मुळाशी आलेले मुनवे लावावेत. पाणी साचल्यास मुळे कुजतात.

हळद : भुसभुशीत, सेंद्रिय खत घातलेल्या जमिनीत, थोड्या सावलीत एक गादीवाफा पुरतो. कीड नसलेले, टपोरे बेणे पावसाच्या तोंडावर लावावे. आठ-नऊ महिन्यांनी पाने पिवळी पडून वाळल्यावर काढणी करावी. कंद उकडून चांगले वाळविले म्हणजे वर्षभराची हळद घरची होते. बाजारातील हळदीस पिवळेपणा आणण्यासाठी काही वेळा शिशाचा विषारी रंग चोळला जातो. घरी कांडलेल्या हळदीत ही भीती राहत नाही.

तिसरा पाठ : काढणी, वाळवण व साठवण

हा पाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, पाऊस संपल्यावर घ्यावा. दव सुकल्यावर सकाळी पाने तोडावीत. किडलेली, डागाळलेली पाने वेगळी करावीत. धुऊन, पाणी निथळून, स्वच्छ कापडावर किंवा बांबूच्या सुपात एकेरी थरात, वाऱ्याच्या जागी सावलीत पसरावीत व रोज उलटावीत. सावलीतच का, याचे कारण समजावून द्यावे. तुळस व गवती चहा यांचा गुण त्यांतील सुगंधी तेलात असतो व कडक उन्हात ते उडून जाते. पान हातात चुरडले असता कुरकुरीत मोडले व देठ कडकन तुटला म्हणजे वाळवण पुरी झाली असे समजावे. ताज्या पाल्याचे वजन वाळल्यावर साधारण चौथ्या ते पाचव्या हिश्श्याइतके उरते. दमट पाला भरल्यास त्यास बुरशी येते. बुरशी दिसलेला पाला खतात टाकावा, वेचून वापरू नये.

वाळलेला पाला कोरड्या, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवून तीवर वनस्पतीचे नाव व काढणीची तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी. वर्ष उलटल्यावर उरलेला पाला टाकून द्यावा. चिठ्ठी नसलेली बरणी वापरू नये.

चौथा पाठ : तयार करण्याचे प्रात्यक्षिक

कार्यकर्त्याने एकदा करून दाखवावे व नंतर प्रत्येक शिकणाऱ्याने स्वतः करावे. केवळ पाहून गेलेली व्यक्ती घरी गेल्यावर प्रमाण विसरते. भांडी स्टीलची किंवा मातीची घ्यावीत. कल्हई नसलेली तांब्या-पितळेची भांडी वापरू नयेत. माप म्हणून सर्वांनी एकच ठरावीक कप वापरावा.

अडुळशाचा काढा : सहा जून पाने धुऊन, तुकडे करून चार कप पाण्यात टाकावीत व एक कप पाणी उरेपर्यंत मंद आचेवर उघड्या भांड्यात उकळावे. गाळून मोठ्या माणसाने अर्धा कप सकाळी व अर्धा कप सायंकाळी घ्यावा. तीन दिवसांपलीकडे घेऊ नये. अडुळशातील व्हॅसिसीन या द्रव्याच्या अभ्यासातूनच ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारे आधुनिक औषध निघाले आहे. यावरून त्याच्या गुणाची कल्पना येईल. परंतु हेच व्हॅसिसीन गर्भाशयाचे आकुंचन घडविते. म्हणून गर्भवती स्त्रीस अडुळसा मुळीच देऊ नये. पाच वर्षांखालील मुलांनाही वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नये. ही सूचना काढा चुलीवर असतानाच द्यावी. ती नंतरसाठी ठेवू नये.

तुळस व गवती चहाचा काढा : तुळशीची आठ-दहा पाने, गवती चहाची दोन पाती व आल्याचा लहान तुकडा दोन कप पाण्यात टाकून, झाकण ठेवून तीन-चार मिनिटे उकळावे. झाकण ठेवावयाचे ते वाफेबरोबर सुगंधी तेल जाऊ नये म्हणून. सर्दी-पडशात याने आराम वाटतो. मध घालावयाचा असल्यास एक वर्षाखालील बालकास तो कोणत्याही स्वरूपात देऊ नये.

हळद-मिठाच्या गुळण्या : एक कप कोमट पाण्यात पाव चमचा हळद व पाव चमचा मीठ मिसळून घसा दुखत असताना दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात.

कोरफडीचा गर : पान तोडून दहा-पंधरा मिनिटे उभे धरावे, म्हणजे सालीखालील पिवळा चीक निथळून जातो. हा चीक जहाल रेचक असून त्वचेसही चरचरतो. नंतर पान धुऊन, साल काढून आतील स्वच्छ गर घ्यावा. भाजल्यास प्रथम वीस मिनिटे भाजलेल्या जागेवर थंड वाहते पाणी सोडावे. गर त्यानंतरच लावावा. तोही रुपयाएवढ्या, फोड न फुटलेल्या भाजण्यावरच लावावा.

कोणताही काढा त्याच दिवशी संपवावा. सकाळचा काढा दुसऱ्या दिवशी तापवून घेण्याची सवय मोडावी. कारण शिळ्या काढ्यात जंतू वाढतात. ज्यांना मधुमेह, रक्तदाब, यकृताचे विकार किंवा हृदयविकाराची औषधे चालू आहेत, त्यांनी डॉक्टरांस विचारल्याशिवाय काढा घेऊ नये व चालू औषध आपल्या मनाने बंद करू नये.

पाचवा पाठ : मर्यादा

हा पाठ सर्वांत महत्त्वाचा आहे. घरगुती उपायामुळे होणारे मोठे नुकसान पुष्कळदा झाडाच्या दोषाने होत नाही. ते उशिराने होते. अडुळशाने खोकला दोन दिवस दबतो, घरातील माणसे निर्धास्त होतात, पुन्हा काढा करतात आणि महिना निघून जातो. या महिन्यात क्षयरोग वाढत राहतो व घरातील मुलांनाही त्याची बाधा होऊ शकते. म्हणून दोन आठवडे टिकलेला खोकला हा काढ्याचा विषय राहत नाही. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी व क्षयाचे औषध विनामूल्य मिळते. रुग्णास तेथे पाठवावे. बेडक्यात रक्त दिसल्यास दोन आठवडेही थांबू नये.

पुढील प्रसंगी चूल पेटवू नये, दवाखान्याची वाट धरावी. बालकाचा श्वास जलद चालत असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल. बालक पीत नसेल, झटके आले असतील किंवा सुस्त पडले असेल. ताप तीन दिवसांहून अधिक राहिला असेल. डोळे किंवा लघवी पिवळी झाली असेल. गर्भवती स्त्रीस ताप, रक्तस्राव किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल. काविळीवर नाकात रस पिळण्याची चाल काही भागांत आहे. ती घातक आहे. जुलाब होत असल्यास प्रथम क्षारसंजीवनीचे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून पाजण्यास आरंभ करावा.

साप किंवा विंचू चावल्यास पाला बांधण्यात, मुळी उगाळण्यात वेळ घालवू नये. विषारी सर्पदंशावर प्रतिविष हाच उपाय आहे. विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपयोग महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिल्यापासून कोकणातील कित्येकांचे प्राण वाचले आहेत. अशा वेळी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घरी औषधी पाल्याच्या बरणीशेजारी लावावी. झाड, प्रमाण व मर्यादा या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी असल्या म्हणजे त्यांतील एक विसरली जाण्याचा संभव कमी होतो.

विक्रीबाबत

वर्गातून उत्साह निर्माण झाला की गटाने काढा किंवा मलम बाटलीत भरून विकावे, अशी सूचना हमखास पुढे येते. घरच्या वापरासाठी तयार करणे व विक्रीसाठी तयार करणे यांत कायद्याने मोठा फरक केला आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमान्वये विक्रीसाठी आयुर्वेदिक औषध तयार करण्यास परवाना लागतो. परवान्याशिवाय रोग बरा करण्याचा दावा लिहून बाटली विकणे हा गुन्हा ठरतो. शेतकऱ्यास उत्पन्न हवे असल्यास रोपे, ताजा गवती चहा, हळद किंवा स्वच्छ वाळविलेला पाला शेतमाल म्हणून विकता येतो. तथापि गिऱ्हाईक व दर निश्चित केल्याशिवाय मोठ्या क्षेत्रावर लागवड करण्याचा सल्ला देऊ नये.

नोंदवही

कार्यकर्त्याने एक साधी नोंदवही ठेवावी. तारीख, घर, तक्रार, वापरलेली वनस्पती, प्रमाण, किती दिवस घेतले, काय झाले व दवाखान्यात पाठविले काय, एवढे आठ रकाने पुरेत. दर तिमाहीस ही वही वैद्यकीय अधिकाऱ्यास दाखवावी. किती काढे झाले यावरून वर्गाचे यश मोजू नये. दहा फांद्या अचूक ओळखणाऱ्या किती झाल्या, बरण्यांवर चिठ्ठ्या आहेत काय, आणि खोकला लांबलेले किती रुग्ण वेळेवर तपासणीस गेले, हे पाहावे. ज्या गावातील स्त्रीने शेजारणीस, "हा खोकला आता काढ्याचा नाही, उद्या दवाखान्यात चल," असे सांगून तिला बरोबर नेले, त्या गावातील वर्ग सफल झाला असे समजण्यास हरकत नाही.